वळणाआधी

सावकाश बसा. पाठ सरळ असू द्या, खांदे सैल सोडा, हात मांडीवर ठेवा, डोळे मिटा. हे मनन रस्त्याचं आहे, म्हणून आधी एक रस्ता डोळ्यांपुढे आणू.

भोर सोडून महाडच्या दिशेला निघालो आहोत. नीरा-देवघर धरणाचं पाणी सोबतीला येतं. हिरडोशी मागे पडते, डोंगर जवळ येतात आणि वरंध घाट सुरू होतो. वाघजाईच्या देवळापाशी गाड्या थांबतात. कुणी हात जोडतं, कुणी चहा-भजी घेतं, कुणी नुसतंच दरीकडे बघत राहतं. एका हाताला कातळ, दुसऱ्या हाताला खाली उतरत गेलेलं कोकण. पावसाळ्यात दरडींच्या भीतीनं घाट बंद ठेवायची वेळ येते. इथे डोंगराचं ऐकावंच लागतं.

हा रस्ता मनात स्थिरावू द्या. एक श्वास आत. एक श्वास बाहेर.

आता दुसरा डोंगर, फार दूरचा. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समधल्या बाथर्स्ट शहराला लागून माउंट पॅनोरमा आहे. तिथले मूळचे वीरादजुरी लोक त्याला वाहलू म्हणतात. मंदीच्या काळात बेकारांच्या हाताला काम देत या डोंगरावर रस्ता बांधला गेला आणि 1938 मध्ये तो खुला झाला. 6.213 किलोमीटरची एक फेरी, 23 वळणं. तळापासून माथा 174 मीटर उंच. कडेला लोकांची घरं आहेत. एरवी हा साधा सार्वजनिक रस्ता. ताशी 60 किलोमीटरची मर्यादा पाळून कुणीही जावं.

ऑक्टोबरातले टूरिंग कारच्या शर्यतीचे दिवस आले की तोच रस्ता बंद होतो. आधी सराव, मग क्रम ठरवणाऱ्या फेऱ्या, शनिवारी पहिल्या दहांची एकेकट्यानं मारायची फेरी आणि रविवारी मुख्य शर्यत. 161 फेऱ्या, 1,000 किलोमीटर, एका गाडीला आळीपाळीनं दोन चालक, साधारण सहा-साडेसहा तासांचा वेळ. 1963 मध्ये ही शर्यत फिलिप आयलंडवरून इथे आली, तेव्हा त्यात दुकानातून विकल्या जाणाऱ्या गाड्याच जवळजवळ जशाच्या तशा धावत. टूरिंग कारचं मूळ हेच: घरातल्या चारचाकीचं घराणं. आपल्याकडेही चाकणच्या कारखान्यातून पोलो ही घरगुती गाडी बाहेर पडू लागली आणि 2010 मध्ये त्याच गाडीच्या शर्यती चेन्नईजवळच्या आणि कोइमतूरच्या ट्रॅकवर सुरू झाल्या.

आता पहिला प्रश्न. उत्तराची घाई नको.

रविवारी बाथर्स्टच्या सरळ उतारावर गाडी ताशी 300 किलोमीटरच्या जवळ पोहोचते. शर्यत संपली की त्याच डांबरावर 60 ची मर्यादा परत येते. मधे काय बदललं?

डोंगर तोच. वळणं तीच. बदलला तो माणसामाणसांतला करार. त्या दिवशी समोरून कुणी येत नाही. वळणावळणावर झेंडे घेऊन माणसं उभी असतात. पिवळा झेंडा हलला की पुढे जाण्याची ईर्ष्या तिथेच आवरायची. डॉक्टर तयार असतात. गाडीत बसलेल्यानं हेल्मेट घातलेलं असतं, त्याच्याभोवती पोलादी पिंजरा असतो आणि हा धोका त्यानं स्वतः पत्करलेला असतो.

मन पुन्हा आपल्या रस्त्यावर आणा. शनिवार-रविवारी पुण्याहून तोरण्याला, राजगडाला, मढे घाटाला निघालेल्या गाड्या नसरापूरहून मार्गासनीकडे वळतात. समोरून एसटी येते. दुधाचे कॅन लावलेली मोटारसायकल येते. गुरं घेऊन एखादी मावशी कडेनं चालते. यांतलं कुणीही शर्यतीत उतरलेलं नाही. त्यांना न विचारता आपण त्यांना शर्यतीत ओढतो का? हा प्रश्न स्वतःला विचारा आणि जरा वेळ त्याच्यापाशी थांबा.

आता दुसरी गोष्ट. शर्यतीच्या चालकाचं कसब वेगात असतं असं दुरून वाटतं. जवळून पाहिलं तर ते ब्रेकमध्ये असतं: कुठे दाबायचा, किती, कधी सोडायचा. वळण येण्याआधीच त्याची नजर वळणाच्या पलीकडे गेलेली असते. एकच वळण तो पुन्हा पुन्हा गाठतो, पण प्रत्येक वेळी टायर थोडे झिजलेले असतात, इंधन घटलेलं असतं, अंगात थकवा चढलेला असतो. म्हणून ओळखीचं वळणही तो ओळखीचं धरत नाही. आपण मात्र रोजच्या रस्त्यावर सवयीच्या हाती स्टिअरिंग देतो. तुमच्या रोजच्या वाटेवरचं असं एक वळण आठवा. शेवटचं ते नीट कधी पाहिलंत?

तिसरी गोष्ट जड आहे. श्वास संथ ठेवा.

1986 च्या शर्यतीत त्या सरळ उतारावर माइक बर्गमन या चालकाचा जीव गेला. पुढच्या वर्षी तिथला रस्ताच बदलला आणि वेग मोडणारी नवी वळणं बांधली गेली. बाथर्स्टची ही शर्यत नऊ वेळा जिंकणारा पीटर ब्रॉक 2006 मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या एका रॅलीत गाडी झाडावर आदळून गेला. कौशल्य मोठं असतं, पण ते मरणाशी केलेला करार नसतं. आणि दुःखाचं खरं स्मरण म्हणजे त्या जागी काहीतरी बदलणं. आपल्या घाटांतल्या धोक्याच्या जागा गावाला पाठ असतात. कठडा, आरसा, फलक यांसाठी आवाज उठवणं हीसुद्धा गेलेल्यांची आठवण आहे.

वेग आवडणं यात पाप नाही. ज्या तरुणाला तो साद घालतो त्यानं ट्रॅकवर जावं, शिकावं, तिथे जीव ओतावा. वेगाला तिथे हक्काची जागा आहे. घाटातला अर्धा रस्ता मात्र समोरून येणाऱ्याचा आहे.

आता डोळे उघडा. पुढच्या वेळी किल्ली फिरवण्याआधी तीन श्वास घ्या आणि इतकंच ठरवा: ओव्हरटेक करायचं तर पुढचं दिसत असेल तेव्हाच, वळणाआधी वेग कमी, आणि अरुंद जागी, आपण उतरत असलो तर, चढून येणाऱ्या गाडीला आधी वाट.