कूर्मवंदन आणि सागरसेवा

देवदर्शनापूर्वी सभामंडपातील कासवापुढे भाविक नतमस्तक होतो. समुद्रमंथनात मंदराचल पाठीवर धारण करणाऱ्या कूर्मावताराचे ते स्मरण होय. परंतु केवळ वंदनाने सागराचे रक्षण होत नाही.

रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे सागरी कासवांची अंडी पूर्वी वाळूतून काढून नेली जात. इ. स. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने ग्रामस्थांच्या साहाय्याने ती जपण्यास आरंभ केला. २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला. पिल्लांचे सागरगमन पाहण्यास येणाऱ्यांची निवास-भोजनाची सोय ग्रामस्थांनी आपल्या घरी केली आणि रक्षणातूनच चरितार्थास आधार लाभला. श्रद्धा, गावाची साथ व उपजीविका एकत्र येतात तेथे सदाचार टिकतो, हाच याचा बोध.

काशीमीऱ्यानजीक वसईची खाडी आणि तिच्या काठची तिवरांची वने आहेत. तिवरांच्या मुळांत मासळीची पिल्ले वाढतात. त्यांवरच कोळी बांधवांची चूल पेटते. प्लास्टिकच्या पिशवीतून खाडीत टाकलेले निर्माल्य हे अर्पण नव्हे. भाविकांनी ते निर्माल्यकलशातच ठेवावे. दानशूरांनी त्याचे खत करण्याच्या कार्यास हातभार लावावा. कासवापुढे टेकविलेला माथा तेव्हाच सार्थ होईल.

॥ शुभं भवतु ॥