परवाना आणि हक

उर्दूत ‘परवाना’ म्हणजे दिव्यावर झेप घेणारा पतंग, आणि परवाना म्हणजे सरकारी परवानगीचा कागदही. या दोन अर्थांचा संबंध काय, असे वर्गात मुले विचारतात. शब्दकोशात तो सापडत नाही, इतिहासात सापडतो.

10 जुलै 1930 रोजी पुसदजवळच्या राखीव जंगलात लोकनायक बापूजी अणे यांनी परवान्याशिवाय गवत कापले आणि अटक ओढवून घेतली. 25 सप्टेंबरला उरण तालुक्यातील चिरनेरला गावकरी कोयते घेऊन अक्कादेवीच्या डोंगरावर चढले. पोलिसांच्या गोळीबारात आठ सत्याग्रही पडले. त्यांत नवश्या कातकरी होता. ज्याच्या बापजाद्यांची चूल या रानावर पेटली, त्यालाच रानात गुन्हेगार ठरवले गेले.

सरकारने पैसे मागणे हाच अन्याय का? तसे नाही. बेल्ह्याच्या सोमवारच्या बाजारात बैल आणणाराही पावती फाडतो. त्या पैशाच्या बदल्यात त्याला जागा हवी असते, पाणी हवे असते. ते मिळाले नाही तर तो जाब विचारतो. जिथे जाब विचारता येत नाही, तिथे पावतीची खंडणी होते.

ऑस्ट्रेलियातील बॅलरॅटच्या सोन्याच्या खाणींवर हेच घडले. सोने सापडो वा न सापडो, दरमहा 30 शिलिंग भरायचे. परवाना तपासायला पोलीस माणसांची शिकार करावी तसे मागे लागत. खाणकामगारांना मताचा अधिकार नव्हता. अर्ज-विनंत्या वाया गेल्यावर 1854 च्या नोव्हेंबरात त्यांनी परवाने जाळले आणि लाकडी कोट उभारला. 3 डिसेंबरच्या पहाटे फौजेने तो मोडला. वीसहून अधिक कामगार मेले. पुढच्या वर्षी राजद्रोहाच्या खटल्यातून ज्यूरीने सर्वांना सोडले. परवाना रद्द झाला आणि त्याच्या जागी वर्षाला एक पौंडाचा नवा कागद आला. त्याचे नावच होते ‘खाणकामगाराचा हक’.

गोष्ट इथे संपली असती तर बरे झाले असते. पण त्याच 1855 साली, त्याच वसाहतीत, येणाऱ्या प्रत्येक चिनी माणसावर दहा पौंडांचा कर बसला. गोऱ्याचा परवाना सुटला आणि चिन्याच्या गळ्यात पडला.

आपण तरी वेगळे काय केले? इंग्रज गेले, पण त्यांचा 1927 चा वन कायदा राहिला. वनहक्क कायदा यायला 2006 साल उजाडावे लागले. आदिवासींवरचा ऐतिहासिक अन्याय स्वतंत्र भारतातही चालू राहिला, हे त्या कायद्याच्या प्रस्तावनेतच कबूल केले आहे. नवश्या कातकऱ्याच्या नातवंडांनी स्वराज्यातही परवानाच पाहिला.

म्हणून जुलमाविरुद्ध उठणे ही अर्धीच परीक्षा आहे. उरलेली अर्धी जिंकल्यानंतर सुरू होते. उर्दूत ‘हक’चेही दोन अर्थ आहेत: अधिकार आणि सत्य. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिमेकडील डोंगरात हिरडा वेचणाऱ्या महादेव कोळ्याला जो अधिकार आपण नाकारतो, तो स्वतःसाठी मागताना त्याला ‘हक’ म्हणता येणार नाही. त्यात सत्य उरलेले नसते.