वाटचालीची धास्ती

वारकरी बंधूंनो, वारीपूर्वी धास्ती वाटली म्हणजे भाव उणा, असे नव्हे. मुक्ताबाईंची पालखी जालना, अंबड, वडीगोद्री करीत शहागडला गोदावरी ओलांडते. तिच्यासंगे निघण्याआधी आम्ही पहाटे अंबडच्या वाटेने चालण्याचा सराव करू लागलो. गाव मागे पडले की छातीत धडधड! पाय धड होते हो. मनच पुढे पळून चंद्रभागेत गटांगळ्या खाई.

एका वृद्ध माळकऱ्यांनी विचारले, "आज कुठवर जायचं?"

"त्या लिंबापर्यंत."

"मग तेवढंच चाला. तोंडी नाम ठेवा."

नाम घेता येईना. तेव्हा कळले, आम्ही भीतीपोटी धावतच होतो! पाऊल आवरले, 'रामकृष्णहरि' पावलांवर बसले. धडधड होतीच, पण नामामागून चालली होती. लिंब आला. पुढे एक विहीर दिसत होती.