वाचल्याची खूण

गेल्या उपवासकाळात आमच्या धर्मग्रामातील युवकांनी एक वाचन-संकल्प जाहीर केला. राखेच्या बुधवारनंतरचे सहा आठवडे, दर आठवड्याला एक विषय, आणि त्या विषयाला धरून प्रत्येकाने आपल्या आवडीचे एक पुस्तक वाचून पूर्ण करावयाचे, असे त्याचे स्वरूप होते. पहिल्या आठवड्याला संतचरित्र, दुसऱ्याला बायबलमधील एखादे पुस्तक, तिसऱ्याला मराठी कादंबरी, चौथ्याला अन्यधर्मीय बांधवांच्या श्रद्धेचा परिचय करून देणारे पुस्तक, पाचव्याला आत्मचरित्र आणि सहाव्याला घरातील वडीलधाऱ्यांनी सुचविलेले पुस्तक. सभागृहाच्या भिंतीवर एक तक्ता लावण्यात आला. पुस्तक संपविणाऱ्याने आपल्या नावासमोर सोनेरी कागदाची एक चांदणी चिकटवावयाची. तक्त्यातील पहिले नाव अर्थातच धर्मगुरूंचे होते.

उपक्रमाचे कौतुक पुष्कळ झाले. परंतु धर्मग्राम समितीच्या एका ज्येष्ठ सदस्यांनी मला सरळ प्रश्न केला, "फादर, कादंबऱ्या वाचायच्या आणि चांदण्या मोजायच्या, यात प्रायश्चित्त कुठे आले?" त्या वेळी मी काहीतरी उत्तर देऊन वेळ मारून नेली. प्रश्न मात्र मनातून गेला नाही.

वस्तुतः पवित्र काळाला बांधलेले वाचन ख्रिस्तसभेला नवे नाही. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी आपल्या मठवासीयांसाठी जी नियमावली लिहिली, तिच्या ४८ व्या अध्यायात हातांनी करावयाचे काम आणि वाचन यांची व्यवस्था लावून दिली आहे. उपवासकाळाच्या आरंभी प्रत्येक बंधूला ग्रंथसंग्रहातून एक ग्रंथ द्यावा आणि त्याने तो पहिल्या पानापासून शेवटपर्यंत क्रमाने वाचावा, असा तेथे नियम आहे. वाचनाच्या वेळी एक-दोन ज्येष्ठ बंधूंनी मठात फेरी मारावी आणि कोणी आळसात वा गप्पांत रमला आहे काय हे पाहावे, असेही त्यात सांगितले आहे. मनुष्यस्वभाव तेव्हाही आजच्यासारखाच होता, असे दिसते!

आपल्या मातीलाही ही रीत परकी नाही. श्रावणात हिंदू शेजाऱ्यांच्या घरी पोथी लावली जाते आणि तिची यथासांग समाप्ती होते. फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठीत रचलेले आणि १६१६ साली छापले गेलेले 'ख्रिस्तपुराण' गोव्यातील चर्चमधून भाविकांसमोर वाचले जात असे. तेव्हा ठरावीक काळी, ठरावीक ग्रंथ, नेमाने वाचणे हे आपल्या रक्तातच आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

तथापि मठातील नियम आणि आमचा तक्ता यांत दोन ठळक भेद होते. मठात ग्रंथ दिला जाई, आमच्याकडे तो निवडला गेला. मठात ग्रंथ एकच होता, आमच्याकडे सहा.

निवडीचा विचार प्रथम करू. विषय ठरवून दिल्यामुळे मनुष्य आपल्या नित्याच्या आवडीबाहेर पाऊल टाकतो, हा मोठाच लाभ होय. चौथ्या आठवड्याचा विषय नसता, तर आमच्यापैकी कित्येकांनी शेजाऱ्याच्या श्रद्धेविषयी एक पानही वाचले नसते. परंतु विषय दुसऱ्याचा असला तरी पुस्तक आपणच निवडावयाचे असते, आणि तेथे मन पळवाट शोधते. आमच्या वाचनालयातील सर्वांत पातळ पुस्तके सर्वांत आधी बाहेर गेली, हे येथे नमूद केले पाहिजे.

१५२१ साली पाम्प्लोना येथील लढाईत जखमी झालेले इग्नेशियस लोयोलाच्या वाड्यात अंथरुणाला खिळून होते. त्यांनी मनोरंजनासाठी शूर सरदारांच्या अद्भुत कथा मागितल्या. घरात तसले पुस्तक नव्हते. जे होते ते त्यांना देण्यात आले: ख्रिस्तचरित्र आणि संतांच्या जीवनकथा. ती वाचता वाचता त्यांच्या ध्यानात आले, की ऐहिक पराक्रमाची स्वप्ने पाहताना मन रमते, पण नंतर कोरडे पडते. संतांप्रमाणे जगण्याचा विचार केला तर त्यानंतरही आनंद टिकून राहतो. पुस्तक मिटल्यानंतर मनात काय उरते, ही वाचनाची कसोटी त्यांना न मागितलेल्या पुस्तकाने शिकविली. आपण मागतो ते पुस्तक बहुधा आपल्याशी सहमत असते. जे आपल्या हाती येते, त्याच्यात आपल्याला हाक मारण्याचे सामर्थ्य असू शकते.

आता संख्येकडे वळू. संत थॉमस अक्विनास यांनी ज्ञानसाधनेतील निष्ठेला संयम या सद्गुणाच्या परिवारात स्थान दिले आहे. प्रथमदर्शनी हे विचित्र वाटेल. वाचनात कसला संयम? पण अन्नाप्रमाणेच ज्ञानाचीही हाव असू शकते, आणि मिरविण्यासाठी मिळविलेले ज्ञान मनुष्याला अहंकाराकडे नेते, हे त्यांनी जाणले होते. आमच्या धर्मग्रामातील एका आजींनी सहा आठवड्यांत केवळ मार्कलिखित शुभवर्तमान वाचले. अध्याय अवघे सोळा. मी सहज विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "फादर, मी एक गोष्ट वाचते आणि मग दिवसभर तिच्याजवळ बसते." तक्त्यावर त्यांच्या नावासमोर एकच चांदणी होती.

आणि माझ्या नावासमोर सहा होत्या. त्यांतील एक खोटी होती.

चौथ्या आठवड्यासाठी मी इस्लामी श्रद्धेवरील एक जाडजूड पुस्तक घेतले होते. त्या आठवड्यात दोन अंत्यविधी झाले, क्रुसाची वाट होती, आजाऱ्यांच्या भेटी होत्या. प्रस्तावना, पहिली दोन प्रकरणे आणि शेवटचे प्रकरण एवढेच वाचून झाले. शनिवारी संध्याकाळी मी सभागृहात गेलो आणि चांदणी चिकटविली. रविवारी मिस्सानंतर सारे लोक तक्ता पाहणार होते. धर्मगुरूंच्या नावासमोर मोकळी जागा बरी दिसली नसती.

दुसऱ्या दिवशी तेरा वर्षांचा एक मुलगा माझ्याकडे आला. "फादर, माझं पुस्तक अर्धंच झालंय. मग चांदणी लावायची नाही ना?" मी म्हणालो, "नाही बाळ, पूर्ण झाल्यावर लाव." तो समाधानाने गेला. आम्ही दोघे त्या तक्त्यासमोरच उभे होतो.

एवढ्याशा असत्याने कोणाचे काय बिघडले, असा प्रश्न कोणी करील. मीही स्वतःला तो केला. वाचणे म्हणजे दुसऱ्याचे ऐकून घेणे. न ऐकता 'ऐकले' म्हणणे हा त्या दुसऱ्याचा अवमान आहे. पापनिवेदनाला आलेल्याचे बोलणे न ऐकता मी नुसतीच मान डोलावली, तर ते किती गंभीर होईल! येथे तर मी माझ्या मुसलमान शेजाऱ्याच्या श्रद्धेचे म्हणणे ऐकल्याची खूण चारचौघांत लावली होती. त्याच्याविषयी आता मी अधिकाराने बोलू लागलो असतो, आणि लोकांनी त्यावर विश्वास ठेवला असता.

अकराव्या शतकात कँटरबरीचे आर्चबिशप लॅनफ्रँक यांनी आपल्या मठासाठी जे नियम घालून दिले, त्यांत उपवासकाळातील एका सोमवारचे वर्णन आहे. सभागृहात सतरंजीवर ग्रंथ मांडले जात. गतवर्षी कोणाला कोणता ग्रंथ दिला होता त्याची यादी वाचली जाई आणि नाव येताच प्रत्येक बंधू आपला ग्रंथ परत करी. ज्याने तो पूर्ण वाचला नसेल, त्याने साष्टांग पडून आपला दोष कबूल करावा आणि क्षमा मागावी. त्यानंतर त्यालाही नवा ग्रंथ मिळे.

आमच्या तक्त्यात नेमकी हीच जागा नव्हती. वाचले त्याला चांदणी होती. वाचले नाही हे सांगण्याची सोय कोठेच नव्हती. जेथे दोष कबूल करण्यास वाव नसतो, तेथे तो लपविण्याचा मोह वाढतो. हा दोष मुलांच्या उत्साहाचा नव्हता. तक्त्यात पहिले नाव ज्याचे होते, त्याने हे आधीच ओळखावयास हवे होते.

म्हणून येत्या उपवासकाळासाठी मी युवकांपुढे एक सूचना ठेवणार आहे. विषय त्यांनी जरूर ठरवावेत, पण पुस्तक प्रत्येकी एकच असावे, आणि ते एकाने दुसऱ्यासाठी निवडून त्याच्या हाती द्यावे. ईस्टरनंतरच्या रविवारी सर्वांनी पुस्तके घेऊन यावे. ज्याने वाचले त्याने मनात काय उरले ते सांगावे. ज्याने वाचले नाही त्याने तसे सांगावे आणि पुस्तक आणखी काही दिवस ठेवून घ्यावे.

आमच्या ज्येष्ठ सदस्यांना त्या दिवशी जे उत्तर देता आले नाही, ते आता देतो. प्रायश्चित्त चांदणीत नव्हते, हे आपले म्हणणे खरे होते. ते मोकळ्या जागेत होते, आणि मी ती झाकून टाकली. ते पुस्तक मी वाचनालयातून पुन्हा आणले आहे. आज सातव्या प्रकरणापर्यंत आलो आहे.