अर्धी पाळी

एका साखर कारखान्यात एक पॅनमन होता. सगळे त्याला तात्या म्हणत. पस्तीस वर्षं त्याने उसाच्या रसाचा पाक शिजवला. चिमूटभर पाक काचेच्या पट्टीवर घ्यायचा, बोटाने पसरायचा, दिव्यापुढे धरायचा. दाणा एकसारखा दिसला की मान हलवायचा. मध्ये भुकटी दिसली, तर थोडं पाणी सोडून ती विरघळवायचा.

साठाव्या वर्षी तो निवृत्त झाला. पेन्शन ईपीएस-९५ या कर्मचारी पेन्शन योजनेची, किमान हजार रुपये देणारी. तात्याला दोन-अडीच हजार मिळत. त्यात मुलीच्या लग्नाचं पतसंस्थेचं कर्ज अजून फिटायचं होतं.

दसऱ्याच्या सुमाराला चीफ केमिस्टने बोलावलं. "तात्या, हंगामभर पूर्ण पाळी करा. नाहीतर सकाळी चार तास या आणि पोरांना शिकवा. पगार मात्र अर्धा."

तात्याने पूर्ण पाळी घेतली. कर्ज तर होतंच; शिवाय अर्ध्या पगारात माणूसही अर्धाच होतो, असं त्याला वाटलं.

रात्रपाळी आता अंगावर येत होती. जिना चढताना गुडघे बोलायचे. हाताखाली दोन पोरं होती, पण पट्टी कायम तात्याच्या हातात. एका रात्री तो तापाने घरी राहिला. पोरांना भुकटी वेळेत ओळखता आली नाही आणि सगळा पाक बिघडला.

हंगाम संपला, कर्ज फिटलं. पुढच्या दसऱ्याला तात्या आपणहून म्हणाला, "साहेब, मला अर्धी पाळी द्या."

आता चार तास भरले की तो पट्टी धुऊन पोरांच्या हातात द्यायचा आणि सायकल काढायचा. पहिले काही दिवस फाटकाशी थांबून मागे बघायचा. घरी बायको जेवायची थांबलेली असायची. दुपारचं जेवण याआधी दोघं रोज असं कधी एकत्र जेवली होती, ते दोघांनाही आठवेना. ओढाताण होती, दुधाचा रतीब लिटरवरून अर्ध्यावर आला.

कर्ज डोक्यावर असलेल्याला कुणी अर्ध्या पाळीचा उपदेश करू नये. पण तात्याच्या पूर्ण पाळीत पोरं नुसती बघत उभी होती. ती शिकली, तो घरी गेल्यानंतरच्या तासांत.

हंगामाच्या अखेरीस एका सकाळी तात्या पॅनपाशी आला, तेव्हा धाकट्या पोराने पट्टी दिव्यापुढे धरली होती. तात्याचा हात सवयीने पुढे गेला. मग त्याने तो पाठीमागे घेतला आणि उभा राहिला. पोराने मान हलवली.