वंगण

घराला चाके लावावीत आणि मन मानेल तिकडे जावे, ही माणसाची हौस फार जुनी आहे. आमच्या एरंडोलवरून धुळे-जळगावचा महामार्ग जातो. त्यावरून एखादे वेळी असे चालते घर धावताना दिसते. आत बिछाना, शेगडी, पाण्याची टाकी, खिडक्यांना पडदे! त्याला कॅरव्हॅन म्हणतात. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली अशा गाड्यांच्या पर्यटनासाठी धोरणही आखले. पण चाकांवरचा संसार खानदेशाला नवा नाही. दिवाळीच्या सुमारास चाळीसगावाकडची ऊसतोड कुटुंबे साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात, तेव्हा भांडीकुंडी, धान्य आणि लेकरे बैलगाडीत नाही तर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढतात. एक घर हौसेसाठी निघते, दुसरे पोटासाठी. वाटेत दोन्ही अडतात ती मात्र पुष्कळदा एकाच कारणाने. वेळेवर कोणी वाकून पाहिलेले नसते.

मोडतोड अकस्मात होते, असे आपण म्हणतो. वास्तविक ती फार दिवस चाललेली असते. छताचा सांधा केसाएवढा उघडतो, पावसाचे पाणी झिरपते आणि वर्षा-दोन वर्षांनी आतले लाकूड कुजते. उभ्या गाडीच्या टायरची नक्षी शाबूत दिसते, पण उन्हाने रबर तडकलेले असते. बेअरिंगमधले ग्रीस सुकते, बॅटरी मुकाट्याने उतरते. उपाय अगदी साधे असतात. निघण्यापूर्वी टायर थंड असताना हवा मोजावी. पावसाळ्याआधी सांधे बुजवावेत. ग्रीस ठरल्या वेळी बदलावे. जुन्या गाडीवानाला हे शास्त्र ठाऊक होते. खानदेशी उन्हाळ्यात लाकूड आटून लोखंडी धाव सैल झाली, की तो चाक पाण्यात ठेवी. आणि एरंडेलात राख कालवून केलेले वंगण गाडीखालच्या नळकांड्यात सदैव टांगलेले असे.

एरंडोल म्हणजेच महाभारतातली एकचक्रा नगरी, असे आमच्याकडची परंपरा मानते. भीमाने अन्नाचा गाडा नेऊन बकासुराला मारले, ही कथा येथल्या पोराटोरांनाही पाठ असते. वर्गात ती सांगताना माझ्या मनात मात्र एक भलताच प्रश्न येतो: त्या गाड्याला वंगण कोणी घातले? बकासुराला मारणाऱ्याची कथा होते. गाडा वाटेत अडू न देणाऱ्याची होत नाही. कारण त्याच्या यशाचे रूपच असे, की काहीही घडत नाही. जे घडलेच नाही, त्याचे पोवाडे कोण गाणार?

यावर कोणी म्हणेल, ‘यात नीती कसली? हा तर हिशेब! आज दहा रुपये खर्चून उद्याचे हजार वाचवायचे.’ गाडीत आपण एकटेच असू, तर हे म्हणणे मला मान्य आहे. परंतु चालत्या घरात कोणीतरी झोपलेले असते. एस. टी. च्या आगारात रात्री गाडीखाली शिरून ब्रेक पाहणाऱ्या माणसाला सकाळचे प्रवासी ओळखत नाहीत. त्याने एक नट तपासला नाही, तर त्याच्या खिशाला लगेच तोशीस पडत नाही. तरीही तो तपासतो. हा हिशेब नव्हे. दुसऱ्याच्या निर्धास्तपणाची राखलेली बूज आहे. संकटात धावून जाणाऱ्याला निदान साक्षीदार मिळतात. संकट येऊ न देणाऱ्याला साक्षीदार नसतात, म्हणून त्याची कसोटी मला अधिक कठीण वाटते.

आणि चाके नसलेल्या आपल्या घराचे तरी काय? दिवाळीपूर्वी माळ्यावरची जळमटे काढणारे, डब्यांना ऊन दाखवणारे, आजोबांचे औषध संपण्याआधी आणून ठेवणारे हात प्रत्येक घरात असतात. बहुधा ते आईचे किंवा वहिनींचे असतात. घर कुरकुरले नाही, म्हणून आपण त्यांच्याकडे पाहत नाही. चाक कुरकुरू लागले, की मात्र सर्वांच्या माना तिकडे वळतात. यंदा फराळाचे ताट पुढे येईल, तेव्हा ते आणणाऱ्या हातांना बसायला सांगावे, आणि पुढच्या वर्षीच्या माळ्याची शिडी आपण धरावी.