केर काढायला लागतो तेवढा वेळ

मार्च २०१३मध्ये न्यूयॉर्कमधल्या 'प्लेराइट्स होरायझन्स' या नाट्यसंस्थेचे कलात्मक संचालक टिम सॅनफर्ड यांनी आपल्या वर्गणीदार प्रेक्षकांना एक पत्र पाठवलं. संस्थेच्या बेचाळिसाव्या रस्त्यावरच्या रंगमंचावर तेव्हा ॲनी बेकर यांचं 'द फ्लिक' हे सव्वातीन तासांच्या आसपास चालणारं नवं नाटक सुरू होतं. मध्यंतरात उठून घरी जाणारे प्रेक्षक डोळ्यांत भरतील इतके होते. काही जण आपली नाराजी थेट संस्थेला कळवत होते. सॅनफर्ड यांनी त्या नाराजीची जाहीर दखल घेतली आणि तरीही नाटकाची पाठराखण केली. पुढच्याच वर्षी, २०१४मध्ये, या नाटकाला पुलित्झर पारितोषिक मिळालं.

एवढ्यावरून एक सोपी गोष्ट रचता येते. प्रेक्षक उथळ होता, लेखिका काळाच्या पुढे होती, शेवटी पारितोषिकानं न्याय केला. नाटकांच्या इतिहासात ही गोष्ट इतक्या वेळा सांगितली गेली आहे की ती खरी वाटू लागते. पण 'द फ्लिक'च्या बाबतीत ती उठून गेलेल्यांवर अन्याय करते आणि बसून राहिलेल्यांनी नेमकं काय पाहिलं, हेही झाकून टाकते.

पडदा उघडतो तेव्हा प्रेक्षकांसमोर खुर्च्यांच्या रांगाच असतात. मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर परगण्यातलं एक जुनं, कळकट, एकपडदा चित्रपटगृह. डेव्हिड झिन यांच्या नेपथ्यात त्या रिकाम्या खुर्च्या नाटकाच्या प्रेक्षकांकडे तोंड करून मांडलेल्या होत्या आणि मागच्या भिंतीत वर प्रोजेक्टरच्या खोलीची खिडकी होती. म्हणजे नाटकाचा प्रेक्षक चित्रपटगृहाच्या पडद्याच्या जागी बसलेला. खेळ संपतो, दिवे लागतात, दोन कर्मचारी झाडू आणि सुपली घेऊन येतात आणि रांगांमधलं सांडलेलं पॉपकॉर्न झाडू लागतात. पस्तिशीचा सॅम नव्यानं लागलेल्या विशीच्या ॲव्हरीला काम शिकवतो. झाडून होतं. दिवे जातात. पुढचा खेळ संपतो, दिवे लागतात, पुन्हा झाडू.

अख्खं नाटक अशा दोन खेळांमधल्या मोकळ्या वेळात घडतं. तिसरं मुख्य पात्र रोझ. प्रोजेक्टर चालवण्याचं काम तिच्याकडे आहे. सॅमचं तिच्यावर मन जडलं आहे, तिचं लक्ष ॲव्हरीकडे आहे. ॲव्हरी नुकताच आत्महत्येच्या प्रयत्नातून सावरतो आहे आणि त्याची सगळी श्रद्धा फिल्मच्या रिळांवर आहे. हे चित्रपटगृह अजून पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मवर चालतं, म्हणूनच त्यानं इथली नोकरी धरलेली आहे. नाटक आलं तो काळही नेमका तोच होता. हॉलिवूडच्या स्टुडिओंनी डिजिटल प्रक्षेपणाचा आग्रह धरला होता, फुजीनं चित्रपटांची फिल्म बनवणं जवळजवळ बंद केलं होतं, आणि डिजिटल यंत्रणेचा खर्च न झेपणारी छोटी चित्रपटगृहं ठिकठिकाणी धापा टाकत होती.

कथानक सांगायला इतकंच पुरतं. वेळ कथानकावर खर्च होतच नाही. तो खर्च होतो दोन वाक्यांच्या मधल्या जागेत. बेकर यांच्या नाट्यलेखनात स्तब्धता ही नटाच्या मर्जीवर सोडलेली बाब नाही. 'द एलियन्स' या त्यांच्या आधीच्या नाटकात त्यांनी बजावून ठेवलं आहे की नाटकाचा निदान एकतृतीयांश भाग शांततेचा असला पाहिजे. छोटा विराम किती सेकंदांचा आणि दीर्घ शांतता किती सेकंदांची, हेही त्यात नमूद आहे. 'द फ्लिक'मध्ये दिग्दर्शक सॅम गोल्ड यांनी हा हिशेब काटेकोरपणे पाळला. सॅम एक प्रश्न विचारतो. ॲव्हरी एक रांग झाडतो. मग उत्तर देतो. कधी देतही नाही.

उठून जाणाऱ्यांना याचाच राग आला होता. त्यांना निव्वळ लांबीचा कंटाळा आला होता असं म्हणता येत नाही, कारण न्यूयॉर्कचा प्रेक्षक लांब नाटकाला बिचकत नाही. पीटर ब्रूक यांचं नऊ तासांचं 'महाभारत' १९८७मध्ये ब्रुकलिनमध्ये झालं तेव्हा ते पाहणं हा सोहळा ठरला. 'गॅट्झ' या प्रयोगात 'द ग्रेट गॅट्सबी' ही कादंबरी पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचली जाते. २०१०मध्ये पब्लिक थिएटरमध्ये त्याला लोक दुपारी येऊन रात्री घरी जात. मराठी प्रेक्षकालाही हे पटवून द्यावं लागणार नाही. महेश एलकुंचवार यांची 'वाडा चिरेबंदी', 'मग्न तळ्याकाठी' आणि 'युगान्त' ही नाट्यत्रयी चंद्रकांत कुलकर्णी यांनी सलग उभी केली, तेव्हा तीही नऊ तासांच्या घरात जाणारी होती. पण कुरुक्षेत्रावरचं युद्ध, गॅट्सबीच्या मेजवान्या, देशपांड्यांच्या वाड्याची तीन पिढ्यांची पडझड यांत वेळ भरलेला असतो. प्रेक्षक तास देतो आणि त्या बदल्यात घटना घेतो. 'द फ्लिक'नं तास मागितले आणि बदल्यात जमिनीवर सांडलेल्या सोड्याचा चिकट डाग दाखवला.

इथे पैशांचा साधा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. २०१३मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये किमान वेतन तासाला ८ डॉलर होतं. सव्वातीन तासांचे २६ डॉलर. बेचाळिसाव्या रस्त्यावर बसलेल्या प्रेक्षकाला ज्या वेळेच्या नासाडीचा संताप येत होता, त्याच लांबीचा वेळ समोरची माणसं एवढ्या पैशांच्या आसपास विकतात, आणि रोज विकतात. बेकर यांनी ही गोष्ट कोणत्याही पात्राच्या तोंडी भाषण म्हणून घातलेली नाही. त्यांनी काम त्याच्या खऱ्या वेगानं होऊ दिलं. रंगमंचावर कष्ट दाखवायचे झाले की बहुतेक नाटककार ते सूचित करतात. नट दोनदा झाडू फिरवतो, आणि प्रेक्षक समजून घेतो की केर निघाला. इथे केर खरोखर निघेपर्यंत थांबावं लागतं. फुरसतीची संध्याकाळ विकत घेऊन आलेल्या माणसाला दुसऱ्याच्या पाळीत बसवणं हा या नाटकाचा सर्वांत धाडसी निर्णय आहे. त्याचा त्रास होणं स्वाभाविक आहे आणि तो त्रास नाटकाच्या बाहेरचा नाही. पुलित्झरच्या मंडळानंही गौरव करताना हेच हेरलं होतं, की ही आयुष्यं रंगमंचावर फारशी दिसत नाहीत.

तरीही उठून गेलेल्यांची बाजू ऐकलीच पाहिजे. ऑफ-ब्रॉडवे म्हणजे साधारण शंभर ते चारशे नव्व्याण्णव आसनांची नाट्यगृहं, आणि त्यांतल्या बिगरनफा संस्था बऱ्याच अंशी वर्गणीदारांवर उभ्या असतात. वर्गणीदार हंगामभराची तिकिटं आधीच घेतो. त्यानं 'द फ्लिक' निवडलेलं नसतं, संस्था निवडलेली असते. नवी, न पारखलेली नाटकं लिहून घेण्याचं आणि उभी करण्याचं बळ अशा संस्थांना याच आगाऊ विश्वासातून मिळतं. हा प्रेक्षक वर्षानुवर्षं येतो, बहुतेकदा वयानं मोठा असतो, त्याला रात्री उपनगराकडची गाडी पकडायची असते. त्याला उथळ म्हणणं हा कृतघ्नपणा आहे. ज्याच्या पैशांवर नवं नाटक जन्माला येतं, त्याला त्या नाटकाचा राग येण्याचा पूर्ण हक्क आहे.

म्हणून सॅनफर्ड यांचं पत्र महत्त्वाचं ठरतं. त्यांच्यापुढे दोन सोयीच्या वाटा होत्या. लेखिकेवर दबाव आणून अर्धा तास कापायचा, किंवा गप्प बसून प्रेक्षकांना दुर्लक्षायचं. काहींना त्या पत्राचीही चीड आली. संस्थेनं आपल्याच नाटकाबद्दल खुलासा का करावा, असा त्यांचा सवाल होता. पण खुलासा करणं म्हणजे माघार घेणं नव्हे. प्रेक्षकाला कारण सांगण्याच्या योग्यतेचा मानणं, हा त्याचा मान राखण्याचाच प्रकार आहे. नाट्यसंस्था आणि तिचा नेहमीचा प्रेक्षक यांच्यात जे नातं असायला हवं, त्याचा हा चांगला नमुना होता: तुमची तक्रार पोहोचली, आम्ही विचार केला, आम्ही हे असंच करणार आहोत.

मध्यंतरात गेलेल्यांनी काय गमावलं हे मात्र स्पष्ट सांगायला हवं, कारण या नाटकाचा उत्तरार्ध पूर्वार्धाच्या संथपणावरच उभा आहे. सॅम आणि रोझ यांनी फार पूर्वीपासून एक छोटी चोरी चालवलेली असते. फाडलेली तिकिटं पुन्हा विकून त्यातले काही पैसे ते खिशात घालतात. त्याला ते जेवणाचे पैसे म्हणतात. ॲव्हरी कचरतो, पण तोही त्यात ओढला जातो. पुढे चित्रपटगृह विकलं जातं, नवा मालक येतो, डिजिटल प्रोजेक्टर येतो आणि चोरी उघडकीला येते. आळ एकट्या ॲव्हरीवर येतो. तो दोघांना विचारतो, तुम्ही पुढे येऊन सांगाल का, की आपण तिघंही यात होतो?

आणि दोघं गप्प राहतात.

तोवर प्रेक्षकानं दोन-अडीच तास याच माणसांच्या गप्प राहण्याचा अभ्यास केलेला असतो. सॅम लाजून गप्प बसतो तेव्हा कसा दिसतो, रोझ कंटाळून गप्प बसते तेव्हा काय करते, ॲव्हरीला बोलायचं असतं आणि शब्द फुटत नाही तेव्हा तो नजर कुठे लावतो, हे सगळं त्याच्या ओळखीचं झालेलं असतं. त्यामुळे ही शांतता वेगळी आहे हे त्याला सांगावं लागत नाही. ही नोकरी गेली तर सॅमकडे आणि रोझकडे दुसरं काही नाही. ॲव्हरीचे वडील प्राध्यापक आहेत, त्याला परत जायला कॉलेज आहे. पण ॲव्हरी काळा आहे आणि गोऱ्या सहकाऱ्यांच्या गुन्ह्याचं ओझं त्याच्या एकट्याच्या माथी येतं आहे. वर्ग आणि वर्ण यांचा हा गुंता कुणीही बोलून दाखवत नाही. वेगवान नाटकात हाच प्रसंग विश्वासघाताचा ठसठशीत प्रसंग झाला असता, प्रेक्षकानं पटकन बाजू घेतली असती. इथे बाजू घेणं अवघड होतं, कारण प्रेक्षक तिघांच्याही पाळ्यांत बसून आलेला असतो.

मॅथ्यू माहर, लुइसा क्रॉझ आणि ॲरन क्लिफ्टन मोटन या तिघांच्या अभिनयाचं कौतुक झालं ते मुख्यतः यासाठी. बोलण्यातून पात्र उभं करणं नटाला शिकवलेलं असतं. झाडू मारताना, समोरच्याकडे न पाहता, वाक्य अर्धवट टाकून पात्र उभं करायचं तर नटाला प्रेक्षकाच्या अस्वस्थतेला घाबरून चालत नाही. सभागृहात खुर्च्या करकरू लागल्या, कुणी घड्याळ पाहिलं, तरी विराम ठरल्याइतकाच धरावा लागतो.

मे २०१५मध्ये ग्रीनिच व्हिलेजमधल्या बॅरो स्ट्रीट थिएटरमध्ये हे नाटक त्याच नटसंचासह पुन्हा उभं राहिलं आणि जानेवारी २०१६पर्यंत चाललं. संहिता तीच, लांबी तीच. या वेळी मात्र समोर बसलेला प्रत्येक जण हे नाटक निवडून आलेला होता. ते तीन तासांहून लांब आहे, त्यात लोक उठून गेले होते, आणि तरी त्याला पुलित्झर मिळालं, हे त्याला ठाऊक होतं. पारितोषिकानं प्रेक्षकाला उसना धीर पुरवला. कुणी म्हणेल की हा धीर अस्सल नाही, प्रतिष्ठेच्या दडपणाखाली बसून राहणं वेगळं आणि खरोखर पाहणं वेगळं. त्यात तथ्य आहे. पण उसन्या धीरानं का होईना, जो दुसऱ्या अंकापर्यंत पोहोचला, त्याला तिथली ती शांतता कुणाच्या सांगण्यावरून ऐकावी लागली नाही. नवख्या रसिकाला पहिल्या पाऊण तासात धरून ठेवण्यासाठी कीर्तीचा उपयोग होत असेल, तर कीर्तीचा याहून चांगला उपयोग दुसरा नाही. शिवाय २०१३मध्ये पुलित्झरची खात्री नसताना, कुणाच्याही हमीशिवाय जे शेवटपर्यंत बसले, त्यांचं ऋण या नाटकावर कायमचं आहे.

२०१६मध्ये लंडनच्या नॅशनल थिएटरमध्येही 'द फ्लिक' गेलं. त्याआधी, २०१५मध्येच, बेकर यांचं 'जॉन' हे नाटक न्यूयॉर्कच्या सिग्नेचर थिएटरमध्ये आलं. तेही तीन तासांहून लांब, दोन मध्यंतरांचं. म्हणजे तक्रारींनी त्या बिचकल्या नाहीत. पण लांबी हा त्यांनी हट्टही केला नाही. २०२३मध्ये अटलांटिक थिएटर कंपनीनं केलेलं त्यांचं 'इन्फिनिट लाइफ' पावणेदोन तासांच्या आसपास, मध्यंतराशिवाय संपतं. कॅलिफोर्नियातल्या उपवासाच्या एका उपचारकेंद्रात आरामखुर्च्यांवर पडलेल्या, दुखण्यानं पिचलेल्या बायका त्यात दिवस मोजत असतात. वेळ तिथेही तसाच हळू सरकतो, कारण दुखणाऱ्या शरीराला तो तसाच सरकताना जाणवतो. केर काढायला सव्वातीन तास लागत होते, या दुखण्याला पावणेदोन पुरले.